हुकूम झाला, घरात बसा

श्रावण तामगाडगे हा आमच्या मारेगावच्या कोर्टाचा बेलीफ. कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे किती न्यायाधीश आले अन् किती गेले ते मी पाहिलं. पण कोर्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे न्यायाधीश येत नाही. खाकी कपडे, छातीवरून आडवा पट्टा, पट्ट्यावर राखेनं घासलेला पितळी बिल्ला आणि बगलेत कागदांची थैली, असा श्रावण येतो.

ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. न्यायाधीश निकाल देतो आणि जेवायला घरी जातो. तो निकाल माणसाच्या दारापर्यंत पोचवणं, घराचा नाहीतर जमिनीचा ताबा एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती देणं, हे बेलीफाचं काम. याला तामील म्हणतात. लोक न्यायाधीशापुढे हात जोडतात आणि बेलीफाच्या अंगावर कुत्रं सोडतात. श्रावणच्या पोटऱ्यांवर दातांचे वण होते, आणि कोणता वण कोणत्या गावचा हे तो अभिमानानं सांगायचा. मी त्याला 'बेलीफसाहेब' म्हणून चिडवत असे. तो चिडत नसे, त्यामुळे मीच चिडायचो.

या कामाचं वेड त्याला लहानपणीच लागलं. त्याच्या गावात बौद्ध वस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट एका बड्या शेतकऱ्यानं काट्यांचं कुंपण घालून बंद केली होती. मढं न्यायचं तर नाल्याच्या पाण्यातून न्यावं लागे. वस्तीनं दावा लावला. दावा चालू असतानाच श्रावणची आजी वारली आणि तिला कमरेएवढ्या पाण्यातून नेताना त्यानं पाहिलं. पुढे निकाल वस्तीच्या बाजूनं लागला. एका सकाळी एक हडकुळा बेलीफ आला, सोबत डफडंवाला आणि दोन पंच. त्यानं हुकूम वाचला, आणि ज्याच्या नुसत्या खोकल्यानं वस्ती दबकायची त्या शेतकऱ्यानं आपल्या हातानं कुंपण काढलं.

"त्या बेलीफाले फुक मारली असती त पडला असता," श्रावण सांगायचा. "पन त्याच्या हातात कागद होता, मारोतराव."

वस्तीतली बाकीची पोरं कलेक्टर व्हायची स्वप्नं पाहत होती. याला बेलीफ व्हायचं होतं, आणि तो झाला.

कामाची त्याची एक रीत होती. ताबा द्यायला निघाला की तो देवीलालला सोबत घ्यायचा. देवीलाल डफडं वाजवायचा, लोक जमायचे, मग श्रावण दारासमोर उभा राहून हुकूम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचा. बाकीचे बेलीफ कागद भिरकावून पळ काढत. हा म्हणायचा, ज्याच्या हातून घर जाते त्याला ते काहून जाते हे ऐकायचा हक्क आहे, आणि चार लोकांनीही ते ऐकलं पाहिजे. वाचून झालं की विचारायचा, "समजलं का?" समोरच्यानं आईबहीण काढली तरी हा पुन्हा विचारायचा, "समजलं का?"

आणि त्याचा एक नियम होता. तो नियम अख्ख्या तालुक्याला तोंडपाठ झाला होता, आणि पुढचं सगळं त्या नियमापायी झालं, म्हणून तो नीट सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत धरमसिंग नावाचा एक बंजारा शेतकरी जमिनीचा दावा जिंकला. हुकूम झाला, तामील व्हायची होती. धरमसिंगला धीर धरवला नाही. बायको आणि भाऊ यांना बैलगाडीत घालून तो आपल्या शेताकडे निघाला. हरलेल्या पक्षानं त्याला वाटेत गाठलं आणि कुऱ्हाडीनं तोडलं. दोन दिवसांनी श्रावण हुकूम घेऊन गेला तेव्हा हरलेले लोक फरार, जिंकलेला मसणात आणि शेत तिथल्या तिथं. श्रावणनं त्या मोकळ्या शेतासमोर उभं राहून हुकूम वाचला, असं देवीलाल सांगतो. ऐकायला बांधावरची बाभूळ होती.

तेव्हापासून जिंकलेल्या प्रत्येक माणसाला तो सांगायचा, "हुकूम झाला, घरात बसा. हरलेला मानूस हुकूम आन तामील याच्या मधातच पिसाळते. थो रस्त्यात गाठते. मी येईपर्यंत पाय बाहीर काढू नका." या नियमानं खरंच माणसं वाचली. निदान तीन घरं मला माहीत आहेत जी आज म्हणतात की श्रावण होता म्हणून आमचा माणूस जिवंत आहे. म्हणून नियमाला दोष देताना माझी जीभ अडखळते.

श्रावणला दोन लेकरं. मोठा संघर्ष, धाकटी दीपमाला. दीपमाला इथंच शाळेत शिकवते. संघर्षचं डोकं पुस्तकात कधी रमलं नाही, पण त्याच्या हाताला चव होती. करंजी गावच्या ढाब्यावर तो भाजी परतायचा तर ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. तिथून नागपूरच्या एका ठेकेदारानं त्याला युक्रेनला नेलं. डॉक्टरकी शिकायला आपली पोरं तिकडे जात, आणि त्यांना वरणभात करून घालायला खानावळीत आचारी लागायचा. पूर्वेकडचं मोठं शहर होतं. त्याचं नाव पंचफुलाच्या, म्हणजे श्रावणच्या बायकोच्या, तोंडात कधी बसलं नाही. ती 'संघर्षचं गाव' म्हणायची.

त्या गावात संघर्षनं लग्न केलं. मुलगी त्याच खानावळीत हिशेबाला होती, नाव हालिना. सुरुवातीला पंचफुला चार दिवस जेवली नाही. मग मोबाईलवर त्या पोरीनं हात जोडून "जय भीम, आई" म्हटलं आणि पंचफुला विरघळली. त्यानंतर कोणी तिकडे जाणारं भेटलं की तिच्याकडून जवसाच्या चटणीचा डबा निघायचाच. हालिनाला ती चटणी भाकरीशिवाय नुसती खाताना पाहून ही इकडे कपाळाला हात लावायची आणि गल्लीभर सांगत सुटायची.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. खानावळीतली पोरं बसनं, रेल्वेनं, पायी, कशी कशी बाहेर पडली आणि सरकारच्या विमानांनी घरी आली. यवतमाळची आली, पुसदची आली, त्यांचे हारतुऱ्यांचे फोटो पेपरात छापून आले. संघर्ष आला नाही. हालिनाला दिवस गेले होते, आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. आईला सोडून हालिना निघेना, हालिनाला सोडून संघर्ष निघेना. त्या दिवसांत पंचफुलानं टीव्ही बंद केला नाही आणि पाहिलाही नाही. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची.

सतरा मार्चच्या पेपरात बातमी होती. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मीच ती मोठ्यानं वाचली. नेदरलँड देशात हेग नावाच्या गावी जगाचं कोर्ट आहे, तिथं देश देशांवर खटले भरतात. युक्रेननं तिथं धाव घेतली होती, आणि कोर्टानं आदल्या दिवशी हुकूम दिला होता: रशियानं लष्करी कारवाई ताबडतोब थांबवावी. तेरा न्यायाधीश हुकमाच्या बाजूनं, दोन विरुद्ध.

श्रावणच्या हातात कपबशी होती. त्यानं ती बाकावर ठेवली. "पुन्हा वाचा," म्हणाला. मी पुन्हा वाचली. त्याच्या चेहऱ्यावर मी असा उजेड त्याआधी पाहिला नव्हता, अगदी संघर्षच्या लग्नाच्या बातमीच्या वेळीही नाही.

मला गंमत सुचली. माझा स्वभावच तो, जिथं नको तिथं जीभ चालते. मी म्हटलं, "हुकूम त झाला बेलीफसाहेब, पन तामीलीले कोन जाईन? रशियाच्या दारात डफडं कोन वाजवन?"

"एवढं मोठं कोर्ट," श्रावण म्हणाला, "त्याले बेलीफ नसंन का?"

तो चिडून बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. तालुक्याच्या कोर्टाला चार बेलीफ असतात, जिल्ह्याच्या कोर्टाला त्याहून जास्त. मग जगाच्या कोर्टाला किती असतील, असा साधा हिशेब त्यानं मांडला होता.

दुपारी त्याच टपरीवर संघर्षचा फोन आला. श्रावणला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचा, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"बाबा, परवा एक गाडी निघून राह्यली. चर्चवाल्यायची. आमाले तिघायले जागा देतो म्हन्तात. हालिनाची माय नाई म्हन्ते, पन मी तिले गादीसकट उचलून टाकतो. पन रस्त्यानंबी गोळे पडून राह्यले. मले काही समजून नाई राह्यलं. तुमी सांगा, निघू का थांबू?"

"बाबू," श्रावण म्हणाला, "काल हुकूम झाला. जगाच्या कोर्टाचा. लढाई थांबवा म्हनून."

"व्हय, इथंबी लोक बोलून राह्यले."

"मंग आता निघू नोको. हुकूम झाला, घरात बस. हरलेला रस्त्यात गाठते, तुले ठावं हाय. तामील व्हाले आठ-दहा दिस लागतीन. तेवढे काढ."

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "श्रावण, जाऊ दे त्याले. थे कोर्ट कुठं, आपलं कोर्ट कुठं!" त्यानं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या हुकूम न मानणाऱ्याकडे तो पाहायचा. "कोर्ट कोर्ट असते, मारोतराव," म्हणाला. मग हात काढून लेकाला पुन्हा सांगितलं, "घरात बस बाबू. दार लावून बस."

"बरं बाबा," संघर्ष म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. कोणीतरी ठरवून दिलं, एवढ्यानंच माणसाला बरं वाटतं.

गाडी गेली. पुढच्या आठवड्यात संघर्ष इमारतीखालच्या टाकीवरून पाणी आणायला उतरला आणि अंगणात तोफगोळा पडला. हालिनाचा फोन दीपमालाला आला. त्या दोघी मोबाईलवर भाषांतर करून बोलत. दीपमालानं स्क्रीनवर उमटलेलं वाक्य वाचलं आणि फोन तसाच आईच्या हातात दिला, पंचफुलाला वाचता येत नाही हे विसरून. माती तिथंच झाली, घराजवळच्या एका बागेत. हालिनाची आई त्यानंतर तळघरातच वारली. हालिना एकटी पोलंडला पोचली आणि उन्हाळ्यात तिला मुलगी झाली.

गाडीचं काय झालं हेही कळलं. हालिनाच्या शेजारणीनं त्या तीन जागा घेतल्या होत्या. गाडीला वाटेत काहीही झालं नाही. ती सुखरूप पोचली.

विहारात शोकसभा झाली, लोक बोलले, श्रावण खाली मान घालून बसला. पंचफुलाला दुःखासाठी कोणीतरी धरायला हवं होतं, तिनं सुनेला धरलं. "तिच्या मायच्या खाटंपायी माहा पोरगा गेला. तिनं अडकवून ठेवला त्याले. सारे आले, माहाच काहून नाई आला?" ती हे विहारात म्हणाली, विहिरीवर म्हणाली, आल्यागेल्याला म्हणाली. हालिनाचा फोन आला की ती उठून आत जायची. नातीचा चेहरा दीपमालानं दाखवायचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाली, "त्या पांढरीचं काही मले दाखवू नोको." शब्द फार वाईट होते, आणि श्रावण तिथंच बसलेला असायचा.

तो काही बोलत नसे. फोनवर लेकाला कोणी थांबवलं हे तीन माणसांना माहीत होतं: श्रावणला, मला आणि हालिनाला. संघर्षनं ते तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. एका वाक्यानं तिच्या डोक्यावरचं पाप उतरलं असतं, पण तिनं ते वाक्य कधी उच्चारलं नाही. मी श्रावणला एकदा म्हटलं, की सांगून टाक. तो म्हणाला, "काय सांगू? मी का चूक सांगतलं? हुकूम हाय का नाई? हाय. तामील बाकी हाय, एवढंच."

यावर तो अडून बसला. रोज दुपारी टपरीवर विचारायचा, "हेगचं काही आलं का?" मीही मग त्याच्यासाठी वाचू लागलो. तामीलीचं काम तिकडे सुरक्षा परिषद नावाच्या पंचायतीकडे आहे, आणि त्या पंचायतीत रशिया स्वतः कायमचा बसलेला आहे, तोही असा की त्यानं नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही. म्हणजे ज्याच्या घरावर जप्ती न्यायची त्यालाच विचारायचं, नेऊ का?  मग मी वाचलं की चाळीस वर्षांपूर्वी निकाराग्वा या टिचभर देशानं अमेरिकेवर असाच खटला भरला आणि जिंकला. कोर्टानं सांगितलं, अमेरिकेनं बेकायदा बळ वापरलं, भरपाई द्यावी. अमेरिकेनं निकाल मानलाच नाही, दमडी दिली नाही. मग काँगो आणि युगांडाचं सापडलं. तिथं युगांडाचं सैन्य बेकायदा घुसलं असा निकाल लागला, आणि भरपाई किती ते ठरायला सतरा वर्षं गेली, पण ठरली आणि हप्ते सुरू झाले.

"पाहा," श्रावण म्हणाला, "सतरा वर्सानं का होईना." तेवढ्या धाग्यावर तो वर्षभर लोंबकळला. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. अरे बाबा, घरात बायको सुनेला शिव्या देते आहे, आणि तू युगांडाचे हप्ते मोजतोस!

रोज सकाळी विहारात पंचशील घेताना तो चौथ्या शीलापाशी थांबायचा, खोटं न बोलण्याचं जे आहे तिथं. ओठ मिटायचे, आणि पाचव्याला पुन्हा उघडायचे. मी विहारात जात नाही. हे मला दीपमालानं सांगितलं. तिला वाटलं बाबांना आता आठवत नाही.

दरम्यान तो निवृत्त झाला. पट्टा, बिल्ला जमा केला. आणि दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत हेगचा निकाल आला.

मी तो आधी एकट्यानं वाचला, मग पुन्हा वाचला. श्रावण समोर येऊन बसला तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. युक्रेननं तो खटला वंशसंहाराविरुद्धच्या एका जुन्या कराराखाली लावला होता. कोर्ट आता म्हणत होतं की त्या करारात तेवढं बसत नाही. रशिया म्हणतो तसा युक्रेननं स्वतः वंशसंहार केला की नाही, हा एवढा मुद्दा आम्ही पुढे ऐकू. पण रशियाचा हल्ला कायदेशीर की बेकायदा, हे या कराराखाली ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

श्रावणला समजायला वेळ लागला नाही. बेलीफ तो. दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाचं समन्स चुकून आलं की त्याच्यावर 'हद्दीबाहेर' असा शेरा मारून तो परत पाठवायचा. असे कागद त्याच्या हातून किती गेले असतील.

"म्हंजे हद्दीबाहेर," तो म्हणाला.

"हल्ल्यापुरतं, व्हय."

"संघर्ष हद्दीबाहेर."

 चहा गार झाला. तो उठला, चार पावलं गेला आणि परत आला. म्हणाला, "रविवारी सकाळी घरी या. देवीलाललेबी सांगतो." मला वाटलं, संघर्षच्या पुण्यानुमोदनाचं काही असेल.

रविवारी गेलो तर देवीलाल आधीच दारासमोर उभा होता, गळ्यात डफडं, तोंडावर गोंधळ. श्रावण पांढरे कपडे घालून अंगणात उभा. मला म्हणाला, "तुमी आन देवीलाल पंच." मग देवीलालला म्हणाला, "वाजव."

"कायले वाजवू? हे त तुहंच घर हाय!"

"म्हनूनच वाजव. जिंदगीभर लोकायच्या दाराशी वाजवलं."

मी म्हटलं, "श्रावण, डोकं फिरलं का तुहं? घरात जाऊन सांग, गल्ली कायले गोळा करतं?" तो म्हणाला, "तिनं सुनेले गल्लीत शिव्या देल्ल्या. मंग हे घरात सांगून कसं चालन?"

 देवीलालनं डफडं वाजवलं. त्याचा हात कधी असा भिऊन पडलेला मी ऐकला नव्हता. तरी दारं उघडली, लोक आले. पंचफुला हाताचं पीठ फडक्याला पुसत बाहेर आली, मागे दीपमाला. श्रावणच्या हातात कागद नव्हता. तो आपल्याच दारासमोर उभा राहिला आणि नेहमीच्या वाचायच्या आवाजात बोलू लागला.

"ऐका. संघर्ष श्रावण तामगाडगे याले घर सोडून जाले गाडी भेटली होती. त्याची बायको जाले तयार होती. सासूले उचलून न्याचं ठरलं होतं. त्यानं बापाले फोनवर विचारलं, निघू का थांबू. बापानं सांगतलं, हुकूम झाला, घरात बस. पोरानं बापाचं ऐकलं. सुनेनं त्याले अडवलं नाई. त्याले अडवनारा मी. सून दोन वर्सं हे जानून चूप राह्यली, आन मी जानून चूप राह्यलो."  त्यानं पंचफुलाकडे पाहून विचारलं, "समजलं का?"

 दीपमाला तोंडावर पदर घेऊन रडू लागली. पंचफुला त्याच्याकडे बघत राहिली, जशी एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावी. मला वाटलं ती किंचाळेल, नाहीतर हातातलं फडकं त्याच्या तोंडावर मारेल.

"समजलं," ती म्हणाली.

मग लेकीला म्हणाली, "लाव तिले फोन."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. फोन लागला. आम्ही निघायला हवं होतं, पण पाय निघेनात. पंचफुला हालिनाशी वऱ्हाडीतच बोलली, दीपमाला सांगत गेली. "पोरी, मी तुले लय वाईट बोलली. तुहा कसूर नव्हता. मले आता सांगतलं यायनं."  तिकडून ती पोरगी हळू हळू बोलली, आणि दीपमालाला ते मोठ्यानं सांगणं जड गेलं. "आई, ती म्हन्ते, मले माहीत होतं. ती म्हन्ते, मी त्याले गाडीत बस म्हनून लय रडली. तो म्हने, माह्या बाबानं आजपर्यंत खोटा हुकूम कोनाच्या दाराशी नेला नाई."

श्रावण अंगणात उभा होता. त्याला कमी ऐकू येतं, पण हे त्याला ऐकू गेलं. तो खाली बसला, मातीतच. देवीलालनं गळ्यातलं डफडं काढलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसला.

तेव्हापासून पंचफुला नातीशी रोज बोलते. पोरगी तिला 'आजी' म्हणते आणि जवसाच्या चटणीसाठी हात पुढे करते. श्रावणशी ती बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, दुखलंखुपलं तर दीपमालाकरवी गोळी पाठवते. बोलत मात्र नाही. तो ओट्यावर बसून असतो. मी जातो, आम्ही कापसाचं, कोर्टाचं, कोणाकोणाचं बोलतो. हेगचं नाव काढत नाही. लढाई अजून चालूच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी असाच बसलो होतो. सत्यभामा नावाची एक बाई ओट्यावर आली, कडेवर एक लेकरू, बोटाला एक. दिरानं तिला घरातून हाकललं होतं, ती दावा लढली आणि जिंकली. शेजाऱ्याच्या पडवीत राहत होती. तालुक्यात अजून लोकांना श्रावणच आठवतो.

"काका," ती म्हणाली, "परवा हुकूम झाला. दीर दारू पिऊन धमक्या देऊन राह्यला. मी आता तुमी सांगता तशी त्या पडवीतच बसून राहू ना, तामील होयेपर्यंत?"

श्रावणनं तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द आला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही मान खाली घातली. नियम खरा की खोटा, हे आमच्यापैकी कोण सांगणार होतं?

आतून पंचफुला बाहेर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याच्या बाजूला, त्याच ओट्यावर उभी राहिली. त्याच्याकडे न बघता बाईला म्हणाली, "जाय बाई. आंधी लेकरं घेऊन मायच्या घरी जाय. आजच्या एसटीनं जाय. हुकूम येत राहीन मांगून."

बाईनं श्रावणकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली आणि ओट्यावर बाजूला सरकून बाईला पायरीकडे जायची वाट करून दिली.